मामाच्या ट्रंकेतली कॅसेट: फंक, सायकेडेलिक की नुसताच गोंधळ?

आजोळ
नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझा मामा गेल्या श्रावणात गेला. गिरगावात दोन खोल्या, दिवसा बँकेत कारकुनी आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या ऑर्केस्ट्रात गिटार. लग्न केलं नाही. घरात त्याच्या वाजवण्याचा विषय निघाला की "वाजवायचा कुठंतरी" याच्या पुढं कुणी जायचं नाही. खोली रिकामी करताना पलंगाखाली पत्र्याची ट्रंक निघाली. साठेक रेकॉर्डी, गिटारच्या तारांची रिकामी पाकिटं (ती का जपली असतील?) आणि नऊ कॅसेटी. आठ कॅसेटींना बुरशी धरलीय. नववी चालते. तिच्यावर पेन्सिलीनं 'शनि. तालीम' एवढंच लिहिलंय.

नवऱ्याच्या जुन्या टू-इन-वनवर लावली. सुरुवातीला कुणीतरी कोवळा पोरगा मोजतो, "एक, दोन, एक, दोन अन् तीन", आणि मग बावीस मिनिटं न थांबता वाजवणं. आधी बास गिटार एकटंच, लंगडी घातल्यासारखं. मग ड्रम. मग गिटार, वाकाचिका वाकाचिका. मध्येच पेटी म्हणावी की ऑर्गन असं काहीतरी यमनसारखं फिरून जातं. गाणं कुणीच म्हणत नाही. आईला ऐकवलं (मामा तिचा थोरला भाऊ). ती म्हणाली, "हा आवाज दादाचा नव्हे, कुणाचं तरी पोर आहे." लेकाला ऐकवलं तर तो उडालाच. म्हणे, आई, हे फंक आहे (बास-ड्रमच्या ठेक्यावर नाचवणारं), सायकेडेलिकपण आहे (गुंगीत नेणारं), यूट्यूबवर टाक, लोक वेडे होतील.

तर विचारायचं असं की त्या काळात मुंबईत असलं काही कुणी वाजवत होतं का? आणि वाजवणारे कोण हेच ठाऊक नसताना मी ते टाकावं का? चाळीस सेकंदांचा तुकडा सोबत जोडलाय.

खिडकीतला_कावळा
रुमाल टाकून ठेवतो. हेडफोन घेऊन येतो.

वऱ्हाडी_ठेचा
शीर्षकात 'नुसताच गोंधळ' काहून लिहिलं जी? संबळ आन् तुणतुणं रात्रभर आइका एकदा. पहाटे तीन वाजता जे होते त्याच्यापुढं तुमचं सायकेडेलिक पाणी भरते. हलके घ्या.

रावसाहेब७१
ताई, वाजवत होते म्हणजे काय, दणकून वाजवत होते! आमच्या पिढीला विचारलं नाही कुणी, एवढंच.

'सिमला' नावाची सिगारेट होती. तिच्या कंपनीनं अखिल भारतीय सिमला बीट स्पर्धा भरवली. गावोगावची पोरं गिटारी घेऊन यायची आणि निवडक बँडच्या दोन एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, निघाल्या, १९७० ची एक आणि १९७१ ची एक. शिलाँगचे फेंटोन्स, बंगलोरचे डायनासॉर्स, मद्रास-कलकत्त्याचे कोण कोण. तेव्हा त्या रेकॉर्डी कुणी ढुंकून पाहिल्या नाहीत. पुढं परदेशी लोकांनी त्याच पुन्हा छापल्या आणि आपल्याला सांगितलं की बाबांनो, हा तुमचा गॅरेज रॉक, म्हणजे हौशी पोरांचा ओबडधोबड रॉक.

मुंबईत कुलाब्याला 'स्लिप डिस्क' नावाचं डिस्को होतं. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी मुद्रित केली, आणि एका रात्री स्लिप डिस्कमध्ये जाऊन वाजवलं. मी होतो का? नव्हतो. माटुंग्याच्या खोलीवर पदार्थविज्ञानाचा अभ्यास करत होतो. तेव्हापासून भेटलेल्या प्रत्येक तिसऱ्या माणसानं मला "मी होतो तिथं" असं सांगितलंय. ती जागा एवढी मोठी असती तर तिथं क्रिकेटचे सामने भरवले असते.

आणि आपला माणूस राहिलाच. नंदू भेंडे! आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा. घरात मराठी नाटक आणि हा पठ्ठ्या 'वेल्व्हेट फॉग' बँडमध्ये इंग्रजी रॉक गायचा. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास केला, 'तीन पैशाचा तमाशा'तही होता. २०१४ मध्ये गेला. मराठी घरातलं पोर गिटार घेऊन असलं काही करू शकतं हे त्याच्यामुळं आमच्या आईवडिलांना कळलं. पटलं नाही, पण कळलं.

फिरकी
म्हणजे सिगारेट कंपनीनं संगीताला फुफ्फुसं दिली. आता बोला.

सुरमई_फ्राय
रावसाहेब, तुमच्याकडे त्या एलपी आहेत का?

रावसाहेब७१
होत्या. १९८४ मध्ये घर बदलताना सौ.नी बोहारणीला दिल्या. बदल्यात स्टीलचा डबा आला. डबा अजून आहे, रवा ठेवतो त्यात.

खिडकीतला_कावळा
ऐकून आलो. ताई, तुमच्या लेकाला पेढे द्या. बास ऐकून माझं मांजर उठून बसलं.

मटण_स्ट्रीट
आलो रे आलो. पंधरा वर्षं चोरबाजारात धूळ खाल्लीय, अखेर कामी आली.

तुकडा चारदा ऐकला. ती पेटी नाही. ट्रान्झिकॉर्ड असू शकतं, म्हणजे गळ्यात अकॉर्डियनसारखं अडकवायचं पण आवाज विजेवरच्या ऑर्गनचा. तेव्हाच्या हिंदी सिनेमातल्या कॅबरे गाण्यांत हा आवाज पावलोपावली आहे. मुंबईत ते वाजवणाऱ्यांत मोठं नाव चरणजित सिंग यांचं. लगेच "मामाच्या कॅसेटवर चरणजित" म्हणून उड्या मारू नका, वाजवणारे इतरही होते. पण त्यांची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी.

सिनेमात वाजवायचे, लग्नाच्या रिसेप्शनला वाजवायचे. सिंगापूरहून त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची दोन यंत्रं आणली, बासचा आवाज काढणारं टीबी-३०३ आणि ड्रमचा काढणारं टीआर-८०८, सोबत ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. १९८२ मध्ये एचएमव्हीकडून एलपी काढली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. ललत आहे, मालकंस आहे, यमन आहे. रेकॉर्ड खपली नाही. बाकी दुनियेत त्या ३०३ चं काय चाललं होतं? ते यंत्र निघालं होतं एकट्यादुकट्या गिटारवाल्याला सोबतीला बास मिळावा म्हणून. त्याचा आवाज कुणालाच खऱ्या बाससारखा वाटेना, म्हणून तीनेक वर्षांत उत्पादन बंद. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात गेली, शिकागोच्या पोरांच्या हाती लागली, १९८७ मध्ये त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' आली आणि ॲसिड हाउस नावाचा, यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताचा अख्खा प्रकार जन्मला. आता १९८२ ची ती रेकॉर्ड ऐका. तोच आवाज, पाच वर्षं आधी, मुंबईत.

एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीत मिळाली. त्यानं मुंबईला येऊन म्हाताऱ्याला गाठलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा काढली. लोकांना खरं वाटेना. कुणीतरी आज बनवून जुनी म्हणून खपवतोय अशा शंका निघाल्या! शेवटच्या काही वर्षांत चरणजितजी युरोपात ती मैफलीत वाजवून आले. २०१५ मध्ये गेले.

षड्ज_पंचम
माफ करा, पण याला राग म्हणू नये. आरोह-अवरोह यंत्रात भरले म्हणजे यमन होत नाही. ना विस्तार, ना विश्रांतीचे सूर, मागं ठोकाठोक. आजोळताई, तुमच्या तुकड्यातही यमन नाही. तीव्र मध्यम (चढा म) दिसला की लोक यमन म्हणतात.

मटण_स्ट्रीट
गुरुजी, ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. त्यामुळं तिच्यात मींडेचा भास होतो. साध्या पियानोच्या पट्ट्यांवर ते जमत नाही. माणसानं ते यंत्र बरोबर हेरलं होतं, एवढं तरी द्या की.

षड्ज_पंचम
भास होतो हे मान्य. 'भास' हा शब्द तुम्हीच वापरलात.

फिरकी
पॉपकॉर्न घेऊन बसतो. अर्धं खारं, अर्धं तीव्र मध्यमाचं.

हावडा_मेल
वीस वर्षं कोलकात्यात काढलेली मराठी बाई या नात्याने मुंबईकरांना आठवण करून देते की आमच्याकडेही हे सगळं होतं.

उदय शंकरांचा मुलगा आनंद शंकर. १९७० मध्ये अमेरिकेत सतार आणि 'मूग' कंपनीचा सिंथेसायझर (विजेवर सूर काढणारं वाद्य) यांची रेकॉर्ड केली, १९७५ मध्ये इथं दुसरी. त्या दुसरीतल्या 'डान्सिंग ड्रम्स'वर नव्वदीच्या दशकात लंडनचे डीजे तुटून पडले.

पण खरी गोष्ट रूपा बिस्वासची. १९८०च्या सुमारास कॅनडात कॅलगरीला गेलेली मुलगी, तिथं आशिष खाँ सरोदवर, प्रणेश खाँ तबल्यावर आणि बाकी स्थानिक वादक असं जमलं. 'डिस्को जॅझ' १९८२ मध्ये कोलकात्यात निघाली आणि बुडाली. बाई संसाराला लागल्या. कित्येक वर्षं घरात विषय नाही. आणि इकडे कुणीतरी तिच्यातलं 'आज शनिबार' यूट्यूबवर टाकलेलं, लाखो लोक ऐकताहेत, जुन्या प्रती भलत्याच किमतीला जाताहेत. मुलानं आईचं नाव शोधलं तेव्हा कळलं. २०१९ मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या रेकॉर्ड कंपनीने ती रीतसर काढली.

तेव्हा आजोळ, टाकायचं की नाही? कुणी परवानगी विचारत बसलं असतं तर रूपादींना कधी कळलंच नसतं.

शनिवारची_खिचडी
'आज शनिबार' मला यूट्यूबनेच रात्री दोन वाजता आणून दिलं. मी ढोकळ्याची कृती बघत होते. आजतागायत समजलेलं नाही.

वकिलीणबाई
हावडाताई, थांबा जरा.

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९८२ ची रेकॉर्ड २०४२ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे, ती कंपनीनं कपाटात कुजवली तरी. चालीचा आणि शब्दांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आजोळ यांची कॅसेट मात्र कधी प्रसिद्धच झालेली नाही. तिथं मुद्रण कुणी घडवून आणलं हे बघायचं. शिवाय वाजवणाऱ्यांचा कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क असतो, वादनाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. म्हणून कॅसेट कुठल्या सालची हे आधी ठरवा.

(हा धाग्यावरचा गप्पांचा भाग आहे, सल्ला नव्हे. सल्ल्याचे पैसे पडतात.)

मटण_स्ट्रीट
सालाचा थोडा उजेड पाडतो. ताईंनी मला पूर्ण बाजू पाठवली होती. चौदाव्या मिनिटाला गिटारवाला मजेत 'डॉन'मधल्या 'ये मेरा दिल'ची ओळ वाजवून जातो आणि मागं कुणीतरी हसतं. सिनेमा १९७८ चा. म्हणजे कॅसेट त्याच्या आधीची नाही.

अवांतर: कल्याणजी-आनंदजींची हीच चाल आणि त्यांच्याच 'अपराध'मधल्या (१९७२) गाण्याचा तुकडा घेऊन ब्लॅक आईड पीज या अमेरिकन बँडनं २००५ मध्ये गाणं केलं. त्याला ग्रॅमी मिळालं. आपल्या लग्नातल्या ब्रास बँडवाल्यांना काय मिळतं ते विचारू नका.

वकिलीणबाई
मग निदान २०२८ संपेपर्यंत त्या चौघा-पाचांना विचारायला हवं. नाहीतर त्यांच्या वारसांना.

तांब्याची_खाण
या विषयावर मी बोलणारच. नोकरीनिमित्त तीन वर्षं झांबियात किटवेला होतो.

१९६४ ला स्वतंत्र झालेला देश, तांब्यावर पैसा. अध्यक्ष काउंडांनी फर्मान काढलं की रेडिओवर ९५ टक्के संगीत झांबियन पाहिजे. पोरं तर रोलिंग स्टोन्स आणि हेंड्रिक्सवर वाढलेली. मग त्यांनी काय केलं, तर फझ लावलेल्या (मुद्दाम खरखरीत केलेल्या) गिटारी आणि आपले ताल एकत्र करून स्वतःचाच रॉक काढला. झामरॉक. त्यातला मोठा बँड 'विच'. चेटकीण नाही हो, 'वुई इंटेंड टु कॉज हॅवॉक'ची आद्याक्षरं. म्हणजे वऱ्हाडी_ठेचा म्हणतात तोच गोंधळ घालायचा बेत! गायक इमॅन्युएल चांडा, रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरवरून लोक त्याला जगारी म्हणायचे.

सत्तरीच्या मध्यावर तांब्याचे भाव कोसळले. संचारबंदी, महागाई, बँड बंद. पुढं एड्सनं त्या पिढीतले बहुतेक वादक नेले. जगारी वाचला तो पोट भरायला खाणींत रत्नं शोधत होता. २०१० नंतर अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' कंपनीने रेकॉर्डी पुन्हा काढल्या, म्हाताऱ्यानं नवा बँड उभा केला, २०२३ मध्ये नवीन अल्बम.

गंमत काय, किटवेत माझ्या हाताखालच्या पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांना फोनवर ऐकवलं. एकाचा बाप म्हणे यातल्या एका बँडच्या मागं गाडीतून स्पीकर वाहायचा.

पेडण्याचो_बाब
सगळ्यांनी सगळं सांगितलं, पण गोंयकाराशिवाय मुंबईच्या संगीताची कथा सांगता हे बरें न्हय.

माझे आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकले आणि व्हायोलिन घेऊन मुंबईला धोबीतलावला कुडात (गोंयकारांच्या गावकीच्या वसतिगृहात) राहिले. असे शेकड्यांनी गेले. सूर लिहून काढायची विद्या यांच्याकडेच होती, म्हणून सिनेमातल्या मोठ्या वाद्यमेळाची कागदं हेच लिहायचे. तबकडीच्या लेबलावर संगीतकार, गायक, गीतकार. वाजवणारा कुठंच नाही. ॲन्थनी गोन्साल्विस हे नाव सगळ्या देशाला पाठ आहे ते १९७७ च्या गाण्यामुळं. खरे ॲन्थनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं गाण्यातून नाव ठेवलं म्हणून राहिलं. बाकीच्यांना असे शिष्य कुठले?

म्हणून बाये, मला विचारशील तर नावं मिळेपर्यंत टाकू नको. नावाशिवाय टाकलं म्हणजे परत तेंच लेबल.

हावडा_मेल
बाब, भावना कळते. पण नावं मिळतील कशी? पेटीत ठेवून? हेलू मर्गिया बघा. इथिओपियातल्या वालियास बँडचा कीबोर्डवाला. १९८१ मध्ये बँड अमेरिकेला गेला, हा तिथंच राहिला, वॉशिंग्टनच्या विमानतळावर टॅक्सी चालवू लागला. भाड्याची वाट बघताना डिकीतून कीबोर्ड काढून सराव करायचा. १९८५ ची त्याची कॅसेट 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका'वाल्या ब्रायन शिमकोविट्झला इथिओपियात बाजारात सापडली. त्यानं माणूस शोधला, २०१३ मध्ये कॅसेट काढली आणि नफा निम्मा-निम्मा. मर्गिया पुन्हा जगभर वाजवू लागला.

पेडण्याचो_बाब
तूच बघ काय लिहिलंस ते. "माणूस शोधला" आधी, "काढली" मागाहून.

हावडा_मेल
हं. पण तुम्ही रूपादींना सोयीस्कर विसरलात.

फिरकी
बाब १, हावडा १. सामना अनिर्णित, मैदान ओलं.

षड्ज_पंचम
पूर्वी मैफलीत ध्वनिमुद्रण करू द्यायचे नाहीत ते बरं होतं असं आता वाटू लागलंय.

वऱ्हाडी_ठेचा
गुरुजी, तुमच्याकडं त्या 'करू न दिलेल्या' मैफलींच्या किती कॅसेटी हायेत?

षड्ज_पंचम
अकरा.

सहावी_तार
उशिरा आलो, माफी. पस्तीस वर्षं गिटार वाजवतोय, लग्नात, मयतात आणि मधल्या काळात. तुकडा ऐकून मला भलतीच शंका आली.

बासचा खालचा सूर जो घुमतो, तो पाश्चात्त्य भाषेत एफ आहे. तसा घुमारा फक्त उघड्या तारेचा येतो, बोट दाबलेल्या तारेचा नाही. आणि बासची सगळ्यांत खालची तार लागते 'ई'ला, एफला नव्हे. गिटारचंही तेच. वाकाचिकाच्या मध्ये मोकळ्या तारा झणकतात त्या अर्धा सूर वर आहेत. अख्ख्या बँडनं तारा चढवून एफमध्ये लावल्या असं कोण करतं? तारा तुटतील (मामांनी पाकिटं जपलीत म्हणून पैशाचा अंदाज येतोच). म्हणजे कॅसेट वेगात पळतेय. एकतर तेव्हाचं मुद्रण करणारं यंत्र हळू असेल, नाहीतर तुमचा टू-इन-वन घाईत.

पडताळा घ्यायची युक्ती. शांत जागी, मोजायच्या आधी, गिटारच्या अँपची घूं अशी बारीक गुणगुण आहे. ती विजेची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुणही ५० ची हवी. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये तेवढा भाग निवडून त्याचा स्पेक्ट्रम (किती हर्ट्झचा आवाज किती मोठा, याचा आलेख) काढा आणि कितीवर टोक येतं ते सांगा.

टेपरेकॉर्डर_दुरुस्ती
सहावी_तार यांना दंडवत. एक पुरवणी जोडतो. त्या काळात आपली वीज ५० वर स्थिर नसायची, ४९ च्या खालीही घसरायची. त्यामुळं गुणगुणीवर एकटीवर विसंबू नका. तारांचा हिशेब आणि गुणगुण, दोन्ही एकच उत्तर देतात का ते बघा.

आणि ताई, बुरशीच्या आठ कॅसेटी त्याच यंत्रात घालून बघू नका हो! हेड खराब होईल आणि चांगलीलाही बुरशी लागेल. कोरड्या जागी वेगळ्या पिशवीत ठेवा. साफ करता येतात, पण ते निवांत काम आहे.

आजोळ
लेकानं बघितलं. टोक ५३ वर आलं.

सहावी_तार
हो!!! अर्धा सूर म्हणजे जवळजवळ सहा टक्के. ५० चे सहा टक्के ३. तारा आणि वीज दोघी एकच साक्ष देतायत. आता वेग ५.६ टक्के कमी करा. ध्यानात ठेवा, नुसता सूर उतरवायचा नाही, वेगच उतरवायचा, म्हणजे दोन्ही जागेवर येतील. बावीस मिनिटांची तेवीस मिनिटं अठरा सेकंद व्हायला हवीत.

फिरकी
मटण_स्ट्रीट, तुमचं मांजर नाही, कावळ्याचं मांजर, ते आता सहा टक्के हळू उठेल.

मटण_स्ट्रीट
गुरुजी, तेवढ्यात सांगून टाका, यमन नाही तर काय आहे ते?

षड्ज_पंचम
नीट वेगात पुन्हा ऐकवा, मग सांगतो. घाईत लागलेल्या सुरावर मत देत नाही.

आजोळ
दोन दिवस लिहिता आलं नाही.

लेकानं वेग उतरवून दिला. बास एकदम जड झाला, पायाखालून चालल्यासारखा. दुपारी आई डाळ निवडत बसली होती, तिच्यासमोर लावलं. "एक, दोन, एक, दोन अन् तीन." ती थांबली. परत लाव म्हणाली. मी चार वेळा लावलं. मग म्हणाली, "दादाच आहे. जिना उतरताना असंच मोजायचा. आमच्या चाळीच्या जिन्याची तिसरी पायरी मोडकी होती ना, म्हणून अन् तीन." मी मामाला सत्तरीतला पाहिलेला, खर्जातला, खोकणारा. तो पोरगा तोच होता.

मग आई बोलायला लागली ती संध्याकाळपर्यंत. शनिवारी अर्धा दिवस बँक, मग गिरगावातच एका शाळेच्या हॉलात तालीम. बासवाला मंगळूरचा, घरून येताना सगळ्यांना पुरतील एवढ्या इडल्या आणायचा. ड्रमवाला पारशी होता आणि ड्रम त्याचे नव्हते. ट्रान्झिकॉर्डवर एक ख्रिश्चन मुलगी असायची, तिला आई एकदा भेटलीय. (आपण इतके दिवस सगळे 'वाजवणारा, वाजवणारा' म्हणत होतो.) एकूण पाचांपैकी दोघांची नावं आईला आठवली. इथं लिहीत नाही, आधी त्यांची घरं शोधते.

बाब, तुमचं ऐकलं. हावडाताई, तुमचंही अर्धं ऐकलंय: हा तुकडा इथून काढत नाही, कुणाच्या तरी कानावर पडू दे.

पेडण्याचो_बाब
ती चली (मुलगी) आमची असूं येता. धोबीतलावच्या बाजूला आमचे लोक अजून आहेत, व्यक्तिगत निरोपात नाव धाड. मी विचारतां.

हावडा_मेल
अर्धं चालेल.

रावसाहेब७१
सौ.ला वाचून दाखवलं. रव्याचा डबा परत बोहारणीला द्यावा का विचारतेय.

षड्ज_पंचम
नवीन तुकडा ऐकला. यमनच आहे. मागं ठोकाठोक आहे, पण यमन आहे. त्या मुलीला शिकवलेलं दिसतंय कुणीतरी.

खिडकीतला_कावळा
सगळ्यांनी तारीख लिहून ठेवा.

टेपरेकॉर्डर_दुरुस्ती
ताई, टू-इन-वन पळतोय तर मोटरच्या मागं बारीक भोक असतं, आत स्क्रू. घड्याळाचा पेचकस लागेल. चालू ठेवून अगदी थोडा फिरवा. आणि बेल्ट सैल असेल तर लॅमिंग्टन रोडला मिळतो, जुना सोबत घेऊन जा, मापाला.